मालीश मनगटावर नको, कोपराखाली करा

पत्र थोडक्यात: "वय ४४. दिवसभर कॉम्प्युटरवर काम आणि संध्याकाळी विणकाम. गेले चार महिने उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होतं. दोन-तीनच्या सुमारास मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. डॉक्टरांनी कार्पल टनेल सिंड्रोम सांगितला आहे. मी रोज मनगटावर तेल लावून जोरात चोळते आणि बोटांत ताकद यावी म्हणून रबरी चेंडू शंभर वेळा दाबते. तरी त्रास वाढतोच आहे. मालीश नेमकी कुठे आणि किती करायची? व्यायाम कोणते? ऑपरेशन टळेल का? आणि डाव्या हातालाही हे सगळं करायचं का?"

ताई, चेंडू आजच बाजूला ठेवा आणि मनगट चोळणंही थांबवा. तुमची मेहनत कमी पडत नाहीये, ती चुकीच्या जागी होते आहे.

कार्पल टनेल म्हणजे मनगटाचा बोगदा, आणि त्यातून जाणारी नस दबणं हे तुमचं दुखणं. आधी हा बोगदा कुठे आहे ते पाहू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. तळहात वर करून मनगटाकडे पाहा. दोन-तीन आडव्या रेघा दिसतील. त्यातली पंजाला सर्वांत जवळची रेघ म्हणजे बोगद्याचं तोंड. तिथून तळहाताच्या टाचेत साधारण ३ सेंटीमीटर आतपर्यंत हा बोगदा जातो. म्हणजे नाव मनगटाचं असलं तरी चिंचोळा भाग खरं तर तळहातात आहे. खाली आणि दोन्ही बाजूंना मनगटाची लहान हाडं, वर एक जाड, न ताणणारा पट्टा. या एवढ्याशा जागेतून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि त्यांच्यासोबत एक नस, मीडियन नर्व्ह नावाचा मज्जातंतू, जाते. कंडरांभोवतीचं आवरण जरा सुजलं की दाटी होते. हाडं सरकत नाहीत, पट्टा ताणत नाही, मग चेपली जाते ती नस, कारण त्या गर्दीत सगळ्यांत मऊ तीच आहे.

निरोगी हातात, मनगट सरळ असताना, इथला दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आत असतो. त्रास असलेल्या हातात तो ३० च्या आसपास सापडतो आणि मनगट पूर्ण वाकवलं तर ९० च्याही वर जातो. झोपेत आपण हात उशीखाली घेतो, मनगट मुडपून गालाखाली ठेवतो. दिवसा चालता-फिरताना पायांत उतरलेलं पाणीही आडवं झाल्यावर अंगभर पसरतं. म्हणून त्रास रात्रीचा. आता अशा नसेवर तुम्ही अंगठ्याने जोर देऊन चोळता तेव्हा काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

चेंडूचंही तसंच. मूठ घट्ट आवळली की तळहातातले काही बारीक स्नायू, जे बोटांच्या खोल कंडरांनाच चिकटलेले असतात, ते कंडरांबरोबर मागे ओढले जाऊन बोगद्यात शिरतात. आधीच भरलेल्या जागेत आणखी पाहुणे. शिवाय पकडीचा जोर थेट त्या नऊ कंडरांवर येतो. अंगठ्याची पकड सैल वाटते ती स्नायू दुबळा म्हणून नव्हे, त्याला हुकूम देणारी नस दबली आहे म्हणून. चेंडू दाबून नस मोकळी होत नाही.

पहिलं काम रात्रीच्या स्प्लिंटचं

तुम्ही मालीश विचारली आहे, पण क्रम उलटा ठेवून चालणार नाही. मालीश आणि व्यायाम मिळून दिवसातली पंधरा-वीस मिनिटं. मनगट मात्र रात्रीचे सात तास मुडपलेलं राहणार असेल, तर ती पंधरा मिनिटं वाया जातात. एकच गोष्ट करायची झाली तर स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा आधारपट्टा, निवडा. मालीश आणि व्यायाम ही त्यावरची जोड आहे.

स्प्लिंटमध्ये मनगट अगदी सरळ हवं, वर नाही आणि खालीही नाही. तयार मिळणाऱ्या बऱ्याच स्प्लिंटमध्ये तळहाताच्या बाजूला धातूची पट्टी असते आणि ती मनगट मागे झुकेल अशी वाकवलेली असते. मागे झुकलेल्या मनगटातही दाब वाढतो. पट्टी खिशातून काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करा आणि परत घाला. पट्टे बांधल्यावर त्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. स्प्लिंटची पुढची कड तळहातावरच्या, बोटांजवळच्या आडव्या रेघेच्या अलीकडे संपायला हवी, म्हणजे बोटं मुळापासून मिटता येतील. सकाळी हातावर पट्ट्यांचे खोल वळ दिसले किंवा बोटं सुजली तर स्प्लिंट घट्ट झाला आहे.

निदान सहा आठवडे, रोज रात्री. चार दिवस बरं वाटलं की काढून ठेवायचं आणि दुखलं की परत बांधायचं, हा प्रकार सगळीकडे चालतो आणि त्याचा उपयोग होत नाही. दिवसभर बांधून ठेवायची मात्र गरज नाही, त्याने मनगट आखडतं.

मालीश

मालीशने बोगदा रुंद होत नाही. तो पट्टा बोटांनी चोळून सैल पडण्याइतका लेचापेचा नाही. मालीशचा उपयोग असा की, बोटं मिटणारे स्नायू कोपराखाली असतात, ते दिवसभराच्या कामाने आखडतात आणि त्यांच्या कंडरा सतत ताणलेल्या राहतात. ते सैल झाले की बोगद्यातून सरकणाऱ्या दोऱ्यांवरचा ताण थोडा उतरतो. म्हणून हात लावायचा तो वर, कोपराच्या बाजूला.

खुर्चीत बसा. टेबलावर टॉवेलची घडी ठेवून त्यावर हात टेकवा, तळहात वर, मनगट सरळ, कोपर अर्धवट वाकलेलं. तेलाचे चार-पाच थेंब पुरेत. जास्त झालं तर बोट नुसतं घसरतं आणि स्नायू हाताशी लागत नाही. कुठलं तेल, याला फारसा अर्थ नाही.

डाव्या हाताचा पूर्ण तळवा उजव्या मनगटाच्या थोडा वर ठेवून कोपराकडे सावकाश ओढत न्या. परतताना दाब नाही, नुसता स्पर्श. असं दहा वेळा, अर्धा मिनिट. दाब इतकाच की त्वचा थोडी हलावी.

मग स्नायू शोधा. उजव्या हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा आणि डाव्या हाताने कोपराखालचा आतला मांसल भाग चाचपा. बोटांबरोबर कातडीखाली जे वळवळतं तेच तुमचं गिऱ्हाईक. कोपराच्या घडीपासून चार बोटं खाली सुरुवात करा. अंगठ्याने हळूच दाबा, तीन-चार सेकंद धरा, सोडा, एक बोट पुढे सरका. दहापैकी तीन-चार इतकाच जोर, 'दुखतं पण बरं वाटतं' याच्या अलीकडे. एखादी गाठ लागली तर तिथे दाब न वाढवता थोडं जास्त थांबा, दहा सेकंदांपर्यंत, आणि श्वास सोडत जा. असं करत मनगटाच्या रेघेपासून तीन बोटं अलीकडे येऊन थांबायचं, त्याच्या पुढे जायचं नाही. हा टप्पा एक-दीड मिनिटाचा.

या भागात एक गोष्ट लक्षात ठेवा. दाबताना बोटांत मुंग्या आल्या किंवा करंट लागल्यासारखं झालं, तर तुम्ही स्नायूवर नाही, नसेवर आहात. मीडियन नर्व्ह कोपराखाली एका स्नायूच्या दोन तोंडांमधून खाली उतरते आणि तिथेही ती दाबली जाऊ शकते. 'बरोबर पॉइंट सापडला' असं समजून लोक नेमके तिथेच जोर लावतात. बोट एक सेंटीमीटर बाजूला घ्या. कोपराच्या घडीत तर अजिबात दाबू नका, तिथे नसेशेजारी मोठी रक्तवाहिनीही आहे.

नंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेली गुबगुबीत गादी. दुसऱ्या अंगठ्याने तिच्यावर लहान-लहान गोल, अर्धा मिनिट. मग तळहात मधून बाहेर पसरवा: अंगठा तळहाताच्या मध्यावर ठेवून एकदा अंगठ्याच्या गादीकडे, एकदा करंगळीच्या बाजूला सरकवा, पाच-सहा वेळा. तळहाताच्या टाचेचा मधला भाग, म्हणजे वर सांगितलेला ३ सेंटीमीटरचा पट्टा, सोडून द्यायचा. शेवटी हात पालथा करून मागच्या बाजूचे स्नायू अर्धा मिनिट, आणि पहिल्यासारखे कोपराकडे हलके हात फिरवून, बोटं सैल सोडून हात हळूच झुलवा.

सगळं मिळून चार मिनिटं. दिवसातून दोनदा, दुसरी वेळ रात्री स्प्लिंट बांधण्याआधीची. तेल पुसून मग बांधा, नाहीतर घामाने कातडी सोलवटते.

घरातल्या कुणाकडून करून घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांच्या बोटांना तुमच्या मुंग्या कळत नाहीत. तोंडाने सांगत राहा. थरथरणारं मसाज यंत्र मनगटावर आणि तळहातावर लावू नका. शेकायचं असेल तर कोपराखालचा भाग शेका, आणि पाणी किती गरम आहे हे चांगल्या हाताने पाहा. बधिर बोटाला चटका बसल्याचं फोड आल्यावरच कळतं. मनगट लाल, गरम आणि सुजलेलं असेल, हाताला नुकतीच दुखापत झाली असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबाची मालीश नको.

व्यायाम

दोन प्रकार आहेत: कंडरा सरकवण्याचा आणि नस सरकवण्याचा. दोन्हींत ताकद लावायची नाही.

कंडरांचा व्यायाम आधी. कोपर टेबलावर टेकवा, पंजा उभा, मनगट सरळ. पाच आकार, प्रत्येक पाच सेकंद, आणि दर दोन आकारांमध्ये बोटं परत सरळ:

१. बोटं सरळ, एकमेकींना लागून.
२. हुक: मुळाचे सांधे सरळ, वरचे दोन्ही सांधे मुडपलेले, जणू पिशवीचे बंद बोटांत अडकवले आहेत.
३. मूठ: पूर्ण, पण सैल. आत पाखरू धरलं आहे इतकी सैल.
४. टेबल: बोटं फक्त मुळाशी काटकोनात वाकलेली, बाकी सरळ.
५. सपाट मूठ: बोटं मुळाशी आणि मधल्या सांध्यात वाकवून टोकं तळहाताच्या टाचेकडे टेकवलेली, टोकाचा सांधा मात्र सरळ.

असे पाच फेरे, दिवसातून तीनदा. प्रत्येक बोटाला दोन कंडरा आहेत, एक वरच्या थरातली आणि एक खोल. नुसती मूठ मिटली-उघडली तर दोन्ही जवळपास एकत्र सरकतात. हुकमध्ये त्या एकमेकींवरून सर्वांत जास्त घसरतात आणि मधली चिकटण सुटते. म्हणून दुसरा आकार घाईत उरकू नका. हमखास होणारी चूक म्हणजे मूठ मिटताना मनगटही नकळत आत वळतं. सुरुवातीचे काही दिवस मनगटाच्या मागच्या बाजूला एक फूटपट्टी धरा. मनगट तिच्यापासून सुटलं की चूक लगेच दिसते.

नसेचा व्यायाम सहा पायऱ्यांचा आहे आणि तो एका दमात सहाव्या पायरीपर्यंत जाण्यासाठी नाही. पहिली: मनगट सरळ, सैल मूठ. दुसरी: बोटं आणि अंगठा सरळ, अंगठा तर्जनीला लागून. तिसरी: तशाच हाताचं मनगट मागे झुकवा. चौथी: अंगठा बाहेर उघडा. पाचवी: कोपरापासून हात फिरवून तळहात छताकडे. सहावी: दुसऱ्या हाताने अंगठा अलगद मागे धरा. प्रत्येक पायरीवर तीन ते पाच सेकंद आणि मग उलट्या क्रमाने परत. पाच वेळा, दिवसातून दोनदा.

पहिला आठवडा चौथ्या पायरीपर्यंतच. ज्या पायरीला मुंग्या सुरू होतात तिच्या एक पायरी अलीकडे तुमची हद्द. ती दर दोन-तीन दिवसांनी तपासा, रोज ओलांडायचा प्रयत्न नको. नस रबरासारखी ताणून लांब करायची वस्तू नाही. ती आपल्या आवरणातून पुढे-मागे सरकली पाहिजे, एवढंच काम आहे. 'ताण बसतोय म्हणजे फायदा होतोय' हे पाठीच्या किंवा मांडीच्या स्नायूला चालतं, इथे नाही. ओढून तीस-चाळीस सेकंद धरून ठेवलं तर नसेचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. व्यायामानंतर मुंग्या मिनिटभरात ओसरल्या तर ठीक. दहा मिनिटं टिकल्या किंवा ती रात्र जास्त वाईट गेली, तर दुसऱ्या दिवशी फेरे निम्मे आणि एक पायरी खाली.

नमस्काराच्या मुद्रेत तळवे दाबून हात खाली नेणं किंवा उलटे हात जोडून मनगट पूर्ण वाकवणं हे 'कार्पल टनेलचे व्यायाम' म्हणून सांगितलं जातं. दुसरं तर चाचणी आहे, व्यायाम नाही: हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर मनगटं वाकवून धरली की नस दबते आणि मुंग्या येतात, म्हणून डॉक्टर निदानासाठी ते करून घेतात. ते रोज कशाला करायचं?

दिवसा

टाइप करताना तळहाताची टाच टेबलाच्या कडेवर किंवा कीबोर्डपुढच्या गादीवर रोवून ठेवू नका, दाब पडतो तो पुन्हा त्याच ३ सेंटीमीटरच्या भागावर. गादी विसाव्यासाठी आहे, बोटं चालू असताना हात उचललेला हवा. कीबोर्डचे मागचे पाय मिटवून तो सपाट ठेवा. विणकाम सोडायला सांगत नाही, पण पहिले सहा आठवडे वीस मिनिटं झाली की सुया खाली आणि कंडरांचा एक फेरा. सुया जाड दांड्याच्या घ्या. बारीक सुई चिमटीत धरायला अंगठ्याला जास्त जोर लागतो. फोन एका हातात धरून झोपताना वाचण्याची सवय असेल तर तीही बंद.

ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. बी-६ मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतलं तर ते स्वतःच नसांना इजा करतं आणि हातापायांत मुंग्या आणतं. स्वतःच्या मनाने घेऊ नका.

ऑपरेशन

सौम्य ते मध्यम त्रासात सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसायला हवा. मोजायचं कसं? उशाशी कागद ठेवा आणि रात्री किती वेळा जाग आली एवढंच लिहा. दुखणं कमी झाल्यासारखं 'वाटण्यापेक्षा' हा आकडा खरं सांगतो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो घसरू लागला तर वाट बरोबर आहे. सहा आठवड्यांनी तितकाच असेल तर व्यायाम वाढवू नका, हाताच्या तज्ज्ञाकडे जा. नसेचा वेग मोजणारी तपासणी झाली नसेल तर तेव्हा करून घ्या. थायरॉइड आणि साखरही तपासा, कारण दोन्हींच्या बिघाडात हा त्रास जास्त होतो आणि मूळ कारण तसंच ठेवून मनगटावर कितीही कष्ट घेतले तरी ते पुरत नाहीत. बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन ही मधली पायरी आहे. आराम बऱ्याचदा चांगला पडतो, पण काही महिन्यांनी त्रास परतू शकतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. दोन्ही तळहात शेजारी धरून पाहा. उजव्या अंगठ्याखालची गादी डाव्यापेक्षा सपाट, खपलेली दिसते का? अंगठा तळहातापासून सरळ वर उचलताना कमी पडतो का? बधिरपणा आता येऊन-जाऊन न राहता दिवसभर टिकतो का? बटण लावताना, सुईत दोरा ओवताना हात चुकतो का? यातलं काही असेल तर नस नुसती चिडलेली नाही, झिजते आहे. खपलेला स्नायू उशिरा केलेल्या ऑपरेशननंतर पूर्ण भरून येईलच असं नाही. अशा वेळी 'आधी मालीश करून बघू' म्हणणं महागात पडतं. ऑपरेशन म्हणजे तोच जाड पट्टा कापून बोगद्याचं छत उघडणं. बहुतेकदा फक्त हात बधिर करून होतं. रात्रीच्या मुंग्या सहसा लवकर थांबतात, पण पकडीचा जोर परतायला काही महिने लागतात आणि तळहाताच्या टाचेच्या दोन्ही बाजू मध्यंतरी दुखऱ्या राहतात.

तुमच्या पत्रात करंगळीचा उल्लेख नाही, ते चांगलं आहे. करंगळीला या बोगद्यातली नस जातच नाही. अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर आणि करंगळीकडची शाबूत असेल, तर निदानाला बळकटी येते. पुढे कधी करंगळीही बधिर व्हायला लागली, मान वळवताना कळ हातात उतरली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर ते दुखणं मनगटाचं नाही असं समजून तपासून घ्या.

डाव्या हाताचं विचारलंत. हा त्रास पुष्कळदा दोन्ही हातांना होतो, दुसऱ्याला थोडा उशिरा. डाव्याला आज काही होत नसेल तर त्याला स्प्लिंट नको. कंडरांचे पाच आकार मात्र दोन्ही हातांनी एकदमच करा, वेळ तेवढाच लागतो. आणि उजव्या हाताची सगळी मालीश आता डाव्या अंगठ्यावर येणार आहे. तो दुखायला लागला तर अंगठ्याऐवजी मुठीच्या सपाट बाजूने दाबा.